शिष्यवृत्तीच्या नादात ५४,४२० रुपये घालवले

पलटणीत सतरा वर्षं क्लार्क होतो. दुसऱ्याच्या कागदात वेलांटी चुकली तरी लाल पेनानं गोल करायचो. आणि मलाच एकानं 'केंद्रीय सैनीक बोर्ड' असा शिक्का मारलेली पावती दिली. 'सैनीक'! दीर्घ नी! ती पावती मी घडी न पाडता प्लास्टिकच्या फाइलीत लावून ठेवली.

पोरगीला बारावीला ७१ टक्के पडले, इंजिनिअरिंगला प्रवेश झाला. माजी सैनिकांच्या मुलांसाठी केंद्रीय सैनिक बोर्डाची पंतप्रधान शिष्यवृत्ती आहे, हे मला माहीत होतं. मुलीला महिना ३,०००, मुलाला २,५००. पैसे वर्षाचे एकदम येतात, म्हणजे मुलीचे ३६,०००. देशभरात वर्षाला ५,५०० मुलांनाच मिळते, आणि पावती देणारा गडी नेमका यावरच बोट ठेवून बसला होता. "साहेब, ६० टक्क्यांवर फॉर्म कुणीही भरतंय, पण नाव यादीत बसवणारा माणूस लागतोय. चार वर्षांचे १,४४,००० एकदम काढून देतो."

मी काय बावळट नाही. आमच्याच गावच्या एका रिटायर सुभेदारांनी ओळख करून दिली होती. स्टँडच्या मागच्या बोळात ऑफिस, टेबलावर तिरंगा, गेल्या गेल्या "जय हिंद हवालदार साहेब". पीपीओ म्हणजे पेन्शनचा आदेश, स्पर्श हे पेन्शनचं पोर्टल, डिस्चार्ज बुक, सगळं तोंडपाठ. अशा माणसावर तुम्हीही विश्वास ठेवला असता.

फॉर्मचे १,५०० रोख दिले. मग 'प्रोसेसिंग' ४,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ४,७२०. सरकार शिष्यवृत्ती देणार आणि त्यावर जीएसटी घेणार? हा प्रश्न क्लार्कला पडायला नको होता का? उलट जीएसटी लावलाय म्हणजे पक्क्या बिलाचा माणूस आहे, असं मला वाटलं.

त्याच रात्री जेवताना पोरगी म्हणाली, "पप्पा, केंद्रीय सैनिक बोर्डाच्या साइटवर फी कुठंच दिसंना. फॉर्म आपणच भरायचा असतोय." मी ताटावरनं उठलो. "तू मला सरकारी कागद शिकवू नकोस" म्हटलं. आमची मंडळी नुसती बघत राहिली. शिक्का एकवेळ नजरचुकीनं सुटला म्हणा, पण हे तर कानानं ऐकलेलं होतं.

त्यानंतर 'व्हेरिफिकेशन'चे ९,८०० यूपीआयवर पाठवले. पैसे वेगळ्याच माणसाच्या नावावर गेले. "आमचे अकाउंटंट" म्हणाला. आठवड्यानं व्हॉट्सॲपवर एपीके, म्हणजे ॲप टाकायची फाइल आली, 'खातं डीबीटीला जोडा' म्हणून; सरकारी पैसे थेट खात्यात येतात ते डीबीटी. ती फाइल मोबाइलमध्ये टाकली आणि दहा मिनिटांत १९,९०० गेले. लगेच बँकेच्या हेल्पलाइनला लावला. मराठीसाठी इतके दाबा, कार्डासाठी तितके दाबा. ते दाबत असतानाच आणखी १८,५०० गेले. असलं काही झालं तर आधी सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३० लावा, बँक नंतर.

बँकेत साहेब म्हणाले, फाइल तुम्ही उघडली, निष्काळजीपणा तुमचा. पण रिझर्व्ह बँकेचा २०१७ पासून नियम आहे की तक्रार नोंदवल्यानंतरचं नुकसान बँकेचं. अहो, पण तक्रार नोंदवायला तिकडं कुणी फोन तर उचलायला पाहिजे! पोलीस ठाण्यात गेलो तर "ऑफिस कुठल्या हद्दीत होतं?" दुसऱ्या ठाण्यात गेलो तर "राहायला कुठं आहात?" गुन्हा कुठल्याही हद्दीतला असू दे, एफआयआर घ्यावाच लागतो, हे जुलै २०२४ पासून नव्या कायद्यात लिहिलंय, असं मी सांगितलं. तर समोरचा म्हणतो, "काका, एवढा कायदा माहितीये तर फसला कसं?" शेजारचा हसला. बर्फात गस्त घातली, तेव्हा एवढा गारठलो नव्हतो. चार खेपा झाल्यावर एक अर्ज घेतला, पोच दिली. एफआयआर अजून नाहीच.

शिष्यवृत्तीचा अर्ज केंद्रीय सैनिक बोर्डाच्या साइटवर फुकट भरता येतो. कागदांची पडताळणी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातनं होते. पैसे मुलाच्या स्वतःच्या खात्यावर पडतात, आणि पुढच्या वर्षाचे आधीचं वर्ष पास झाल्यावरच. चार वर्षांचे एकदम कुणालाच मिळत नाहीत. डिस्चार्ज बुकाची झेरॉक्स कुणाकडं टाकून येऊ नका. माझी अजून त्याच्याकडं आहे.

ऑफिसला आता कुलूप आहे. सुभेदार माझा फोन घेत नाहीत. बहुतेक त्यांचेही गेलेत.

परवा कॅन्टीनच्या रांगेत एक ओळखीचा नाईक भेटला. हळूच म्हणाला, त्यानंही ६,२२० भरलेत, घरात सांगितलेलं नाही. म्हटलं, चल, दोघांची मिळून तक्रार देऊ, जोर येईल. त्यानं तेलाचा डबा या हातातनं त्या हातात घेतला. "नको हवालदार," म्हणाला, "पुढच्या महिन्यात पोरीची सोयरीक आहे."