फक्त हिरडी, की हाडसुद्धा?

एका डॉक्टरांनी ‘क्राउन लेंग्थनिंग करावं लागेल’, म्हणजे दाताचा हिरडीबाहेरचा भाग वाढवायची शस्त्रक्रिया, असं सांगितलेलं असतं. दुसरीकडे ‘लेझरने हिरडीला शेप देऊ, अर्ध्या तासाचं काम’ असं ऐकायला मिळतं, तेही कमी पैशांत. मग पेशंटला वाटतं, काम तेच, दर वेगळा. कॉलेज रोड, गंगापूर रोड, इंदिरानगर, कुठेही गेलात तरी नाशकात दातांच्या दवाखान्यांना तोटा नाही, त्यामुळे अशी दोन मतं घेऊन फिरणारे बरेच भेटतात. पण ही दोन वेगळी कामं आहेत. हिरडीला आकार देताना फक्त हिरडी कापतात. क्राउन लेंग्थनिंगमध्ये बहुतेक वेळा हिरडी बाजूला सारून खालचं हाडही थोडं तासतात.

मी जनरल प्रॅक्टिस करते. या शस्त्रक्रियेसाठी पेशंटला हिरड्यांच्या स्पेशालिस्टकडे पाठवते, आणि कॅप बसवायला तो परत माझ्याकडे येतो. म्हणून यातलं काय टिकतं आणि काय सहा महिन्यांत पुन्हा लाल होऊन बसतं, हे रोज समोर दिसतं.

सगळा निर्णय एका मापावर ठरतो. हिरडी दाताला जिथे घट्ट चिकटलेली असते, तो पट्टा हाडाच्या कडेपासून वर साधारण २ मिमी असतो. १९६१ साली गार्जिउलो आणि सहकाऱ्यांनी मृतांच्या जबड्यांवर मोजमाप करून सरासरी २.०४ मिमी काढली होती. सरासरी म्हणजे सरासरीच. माणसागणिक, अगदी दातागणिक ती बदलते. त्यावर हिरडी आणि दात यांच्यातली बारीक फट धरली की हाडापासून सुमारे ३ मिमी जागा सोडावी लागते. कॅपची कड या जागेत घुसवली, तर हिरडी कायम सुजलेली राहते, ब्रश लागला की रक्त येतं आणि हळूहळू हाड झिजतं. उलट हाड जिथल्या तिथे ठेवून नुसती हिरडी जास्त कापली, तर शरीर तो पट्टा पुन्हा बनवतं, म्हणजे हिरडी परत वर चढते. पैसे गेले, दात होता तेवढाच.

हाड नेमकं कुठे आहे हे साध्या एक्स-रेत दोन दातांच्या मधल्या भागात नीट दिसतं. गालाकडच्या आणि जिभेकडच्या बाजूचं त्यात धड कळत नाही. म्हणून भूल देऊन, मिमीच्या खुणा असलेली बारीक सळई हिरडीतून हाडाला टेकेपर्यंत घालतात आणि आकडा वाचतात. ज्यांनी हे न मोजता लेझर हातात घेतला, त्यांच्याकडे मी माझा पेशंट पाठवणार नाही. लेझर की ब्लेड, हा प्रश्न खरं तर दुय्यम आहे. लेझरने रक्त कमी येतं, एवढं खरं. पण बहुतेक दवाखान्यांत असतो तो डायोड लेझर हाड कापत नाही.

आता तुमची अडचण कुठली, ते बघू.

दाढ तुटली असेल, तर हिशेब असा. रूट कॅनाल झालेली दाढ, कॅप ‘नंतर बघू’ म्हणून राहिलेली, आणि एक दिवस शेंगदाणा चावताना एक भिंत हिरडीखालपर्यंत उडाली. कॅपला पकड मिळायला दाताचा निरोगी भाग सगळीकडून किमान १.५ ते २ मिमी लागतो. खालची ३ मिमी मोकळी ठेवायचीच आहे. म्हणजे हाडाच्या वर साडेचार-पाच मिमी धड दात हवा. मोजल्यावर तो दोन-तीन मिमीच निघाला, तर लेझरने हिरडी कापून काहीही साधत नाही. हाड कमी करावंच लागतं. हिरडीखाली गेलेल्या किडीचंही बहुतेक वेळा हेच.

पण इथेच थोडं थांबायला हवं. एकाच दाढेभोवतीचं हाड खड्डा केल्यासारखं काढता येत नाही, त्याचा उतार शेजारच्या दातांपर्यंत न्यावा लागतो. म्हणजे शेजारच्या चांगल्या दातांचंही थोडं हाड जातं. दाढेची मुळं जिथून फुटतात तो बेचका उघडा पडला, तर तिथे अन्न अडकतं आणि ब्रश पोहोचत नाही. मुळं आखूड असतील, तर वर दात उंच आणि खाली आधार तोकडा, असं होऊन बसतं. माझं मत विचाराल, तर लांब मुळाची उपदाढ वाचवावी. आखूड मुळांच्या शेवटच्या दाढेसाठी हा सगळा खटाटोप करू नये, काढून टाकलेली बरी. पुढचा दात असेल, तर तारेने तो हळूहळू हाडाबाहेर ओढून घेण्याचा मार्गही आहे. त्याला महिने लागतात, पण शेजारचं हाड वाचतं. तुटलेला भाग अगदी थोडाच खाली असेल, तर कधीकधी कॉम्पोझिट (दाताच्या रंगाचं सिमेंट) भरून कडच वर आणता येते. हे पर्याय तुमच्यासमोर ठेवलेच नसतील, तर तुम्ही होऊन विचारा.

हसताना हिरडी फार दिसते, अशी तक्रार असेल, तर गोष्ट वेगळी. आरशासमोर पट्टी घेऊन वरचा मधला दात मोजा. साधारण १० ते ११ मिमी भरला, तर दात पुरेसा उंच आहे; दोष ओठाच्या हालचालीत किंवा जबड्याच्या ठेवणीत आहे. तिथे हिरडी कापून दात विनाकारण लांबुळके दिसतात आणि हिरडी दिसायची ती दिसतेच. दात आठ-नऊ मिमीचा, आखूड, चौकोनी दिसत असेल, तर हिरडीने तो झाकलेला असण्याची शक्यता आहे (झिजूनही दात आखूड होतात, ते डॉक्टर बघतील). झाकलेला असून हाडही हिरडीच्या कडेपासून पुरेसं दूर असेल आणि हिरडीचा बाहेरून दिसणारा घट्ट, फिकट गुलाबी पट्टा रुंद असेल, तर नुसता आकार देऊन काम छान होतं. हाड कडेजवळच असेल, तर इथेही ते तासावं लागतं.

हिरडी सुजून फुगली असेल, तर कापायची घाई नकोच. बीपीच्या अॅम्लोडिपिनने, फिटच्या फेनिटोइनने, किडनी बदललेल्यांच्या सायक्लोस्पोरिनने हिरडी वाढू शकते. गोळी तीच राहिली, तर कापल्यावरही पुन्हा वाढू शकते. गोळी बदलता येईल का, ते फिजिशियन ठरवतील; आपल्या मनाने बंद करू नका. तारा लावल्यामुळे फुगली असेल, तर तारा निघाल्यावर दात साफ करून थोडे आठवडे वाट बघा, बरीचशी आपोआप उतरते.

भरून येण्याचा काळ दोन्हींत सारखा नाही. नुसत्या हिरडीच्या कामात सहसा टाके नसतात, आठवडा-दोन आठवडे झोंबतं. हाडाच्या कामात टाके येतात, ते आठ-दहा दिवसांनी काढतात. दोन-तीन दिवस सूज राहते, आणि उघड्या पडलेल्या मुळाला गार पाणी काही दिवस लागतं. दोन्हीकडे तर्रीवाली मिसळ आणि कुरकुरीत चिवडा दोन आठवडे बंद. हाडाच्या कामानंतर पक्की कॅप मागच्या दाढेला सहा ते आठ आठवड्यांनी बसवतात. पुढच्या दातांना तीन ते सहा महिने थांबावं लागतं, कारण हिरडीची कड तोवर थोडी सरकत असते. मार्गशीर्षात लग्न असेल, तर आषाढातच ठरवा. दिवाळीनंतर येऊन ‘लग्नाआधी होईल ना?’ विचारलंत, तर उत्तर नाही असंच येईल.

शुगर ताब्यात नसेल, तर दोन्ही कामं पुढे ढकला. तंबाखू, गुटखा, मशेरी चालू असेल तर जखम रेंगाळते. रक्त पातळ करायच्या गोळ्या किंवा हाडं ठिसूळ झाली म्हणून इंजेक्शनं चालू असतील, तर ते आधी सांगा, खुर्चीत बसल्यावर नको.

खर्चात हाडाचं काम महाग पडतं. खासगीत परवडत नसेल, तर पंचवटीत कर्मवीर भाऊसाहेब हिरे दंत महाविद्यालय आहे. दंत महाविद्यालयात फेऱ्या जास्त होतात, पैसे साधारणपणे कमी लागतात. कुठेही गेलात, तरी आकडा लिहून मागा, आणि त्यात हिरडीचं काम, रूट कॅनाल, पोस्ट (कॅपला आधार म्हणून मुळात बसवायची कांडी), तात्पुरती कॅप आणि पक्की कॅप वेगवेगळी लिहून घ्या. स्वस्त वाटणाऱ्या आकड्यात बऱ्याचदा यातलं पहिलंच काम असतं.