पॅलिएटिव्ह ओपीडी चांगली आहे, पण आम्हाला पाचव्या महिन्यात कळली (५ पैकी ४)

हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, नाशिकमधलंच आहे. आमचे अण्णा पिंपळगाव बसवंतचे, द्राक्षवाले. फुप्फुसाचा कॅन्सर, निदान झालं तेव्हाच खुब्याच्या हाडात उतरलेला. केमो सुरू झाली ती नेमकी गोडी (फळासाठीच्या) छाटणीच्या तोंडावर, त्यामुळे सलाईन हाताला आणि कानाला फोन, "डिपिंग (घड औषधात बुडवणं) झालं का रे" चालू.

पाच महिने आम्ही दर तीन आठवड्यांनी तिसऱ्या मजल्यावर जात होतो आणि पॅलिएटिव्हची, म्हणजे दुखणं आणि त्रास कमी करणारी, ओपीडी खाली तळमजल्यावर, लिफ्टच्या मागे. बोर्ड आहे, पण त्याच्यापुढे स्ट्रेचर उभं असतं. शेवटी पाठवलं तेव्हा बागेत माल काढायला आला होता. चिठ्ठी बघून आई पार्किंगमध्येच रडायला लागली, म्हणे आता यांनी हात वर केले.

तसं काही नव्हतं. तिथल्या डॉक्टर मॅडमनी पहिलंच वाक्य टाकलं, "केमो चालूच राहणार, मी फक्त जोडीला." मग विचारलं, अण्णा, रात्री झोप लागते का? हे पाच महिन्यांत कोणी विचारलं नव्हतं. अण्णा म्हणाले, "रात्रीची लाइट येते तेव्हा मोटर चालू करायला कोणाला उठवावं लागत नाही, मी जागाच असतो." दुखणं शून्य ते दहात किती, तर म्हणाले सात, हिच्यासमोर पाच.

मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या, दर चार तासांनी, आणि झोपताना डबल म्हणजे मध्यरात्री उठायला नको. सोबत पोट साफ व्हायचं औषध रोज, कारण मॉर्फिनने हमखास गच्च होतं. सिस्टरने कागदावर घड्याळं काढून दिली, प्रत्येक घड्याळाखाली गोळी, आईला वाचायची गरजच नाही. व्यसन लागेल म्हणून काका अडून बसले होते, त्यांना वेगळं बसवून समजावलं की दुखण्यासाठी मापात, देखरेखीखाली दिलं तर ती भीती धरू नका. खुब्याला रेडिएशनचा एकच डोस दिला, त्याचा फरक पडायला दोनेक आठवडे गेले पण पडला.

आता तक्रारी. ओपीडी आठवड्यातून दोनच दिवस. गोळ्या फक्त त्यांच्याच फार्मसीत, बाहेर पंचवटीत एका मेडिकलवाल्याने चिठ्ठी वाचून आधी माझं तोंड बघितलं, मग "नाही ठेवत". १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याच्या धाकाने कित्येक ठिकाणी मॉर्फिन ठेवतच नव्हते, २०१४ ला दुरुस्ती होऊन लायसन्सांची भानगड कमी झाली, तरी भीती काही गेलेली दिसत नाही. घरी येणारी टीम आहे पण शहरापुरती, पिंपळगावला नाही. फोनवर मात्र सिस्टर बोलतात, रात्री दहालाही उचललाय.

आणि एक स्टार कापलाय तो उशिराबद्दल. २०१० साली अमेरिकेतल्या बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलचा अभ्यास छापून आलाय, अण्णांसारखेच फुप्फुसाचा कॅन्सर पसरलेले १५१ पेशंट, काहींना नेहमीची ट्रीटमेंट, बाकीच्यांना त्यासोबत पहिल्यापासून पॅलिएटिव्ह. जोडवाल्यांचं मीडियन आयुष्य (म्हणजे निम्मे पेशंट त्याहून जास्त जगले) ११.६ महिने, दुसऱ्यांचं ८.९, आणि शेवटी शेवटी केमोचा मारापण जोडवाल्यांनाच कमी झाला. हे वरच्या मजल्यावर माहीत नसेल असं मी मानत नाही. पहिल्या केमोच्या फाईलला ही चिठ्ठी टाचायला काय जातं?

तुमचं कोणी नवीन असेल तर ऑन्कॉलॉजिस्टला (कॅन्सरच्या डॉक्टरला) स्वतःहून विचारा, घाबरू नका. जाताना सगळ्या चालू गोळ्यांची पाकिटं न्या, मॅडम एकेक बघतात, आमच्या दोन बंद केल्या.

अण्णांचा आकडा आता तीन. परवा रात्री लाइट आली तर मोटर चालू करायला मला उठावं लागलं.