वर्षाचं तिखट: कांडपावरचं की पाकिटातलं?

फाल्गुन-चैत्रात बाजारात नवी मिरची येते, तेव्हाच वर्षाचं तिखट करून घ्यावं असं माझं ठाम मत आहे. रंगाला ब्याडगी, झणक्याला लवंगी; प्रमाण आपल्या हातात. देठं खुडायची, दोन-तीन कडक उन्हं दाखवायची, मग डंखावर, म्हणजे कांडपाच्या यंत्रावर, कुटून आणायचं. देठांची घट आणि कांडपाची मजुरी धरूनही आमच्याकडे ते पाकिटापेक्षा स्वस्तच पडतं. वासाची तर तुलनाच नको! बरणीत हिंगाचे खडे घालायला मात्र विसरू नका.

पाकिटाला एकरकमी पैसे लागत नाहीत. घरात दोनच माणसं किंवा ऊन न येणारी भाड्याची खोली असेल, तर खुशाल पाकीट घ्या; फक्त लहान पुड्यांचा किलोचा दर एकदा काढून बघा.