शंभर मण्यांची गणितमाळ : एका शिक्षिकेचा अभिप्राय

पहिली-दुसरीच्या वर्गांना अनेक वर्षे शिकवल्यानंतर शैक्षणिक साहित्य विकत घेण्याच्या बाबतीत मी बरीच हात राखून वागते; तरीही एका वस्तूची शिफारस मी नव्या शिक्षकांना कोणी न विचारताही करते, ती म्हणजे दहा-दहाच्या गटांत दोन रंग आलटूनपालटून ओवलेली शंभर मण्यांची माळ.

मुलाचा विचार या माळेवर डोळ्यांना दिसतो. 47 मणी दाखवायला सांगितले की एखादे मूल पहिल्यापासून एकेक मणी मोजत जाते, दुसरे चार गट झटकन सरकवून पुढचे सात मोजते आणि एखादी मुलगी थेट पन्नासाव्या मण्यावर बोट ठेवून तीन मणी मागे येते. तिघांचे उत्तर एकच, समज मात्र निरनिराळी. पाटीवरच्या 47 मधून यातले काहीच कळले नसते. बरोबर उत्तरालाही ‘कसे काढलेस?’ असे विचारण्याची सवय मला या माळेनेच लावली आणि वर्गात सहसा तोंड न उघडणारी मुले हातांनी किती नेमके सांगतात, हेही तिच्यामुळे कळले. 2019 मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘चाळीस सात’ असे संख्यावाचन आले, तेव्हा केवढा वाद झाला. चार पूर्ण गट आधी डोळ्यांसमोर आले की सत्तेचाळीस आणि चौऱ्याहत्तर यांतला गोंधळ पुष्कळसा आपोआप निवळतो, असा माझा अनुभव आहे.

बाजारातल्या माळांचा दर्जा मात्र सारखा नसतो. दोरा मण्यांपुरताच असेल तर मणी सरकतच नाहीत. निदान वीतभर दोरा मोकळा हवा. घेण्यापूर्वी मणी मोजावेत, कारण एखाद्या गटात अकरा निघू शकतात (ती चूक मुलांनी शोधली तर तो तास वाया जात नाही, हे वेगळे).

पालघर जिल्ह्यातल्या कोसबाडला बालशिक्षणाचे काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी परिसरातल्याच वस्तूंतून बालवाडीचे साहित्य उभे केले. त्या वाटेने जायचे तर चिंचोक्यांच्या दहा-दहाच्या पुरचुंड्याही बरेच काम करतात, फक्त ‘पन्नासाच्या अलीकडे तीन’ हे त्यांत दिसत नाही.

शंभरापुढे माळ अपुरी पडते, तिथे काड्यांचे गठ्ठे किंवा खेळातल्या नोटाच बऱ्या. म्हणून तिसरीसाठी ती मुद्दाम घेऊ नये. वर्गात अजून चाळिशीत अडखळणारी मुले असतील तर मात्र जरूर घ्यावी, आणि तशी मुले बहुतेक वर्गांत असतातच.