शेतात सापडलेले मेडल आणि घरातून गेलेले मेडल

वैजापूर आणि गंगापूर तालुक्यांतील कॅथोलिक कुटुंबांनी, आणि ज्यांच्या घरात जुनी जपमाळ, क्रूस किंवा मेडल (गळ्यात घालायचे संतांच्या चित्राचे छोटे पदक) जपून ठेवलेले आहे अशा सर्वांनीच, हा अनुभव वाचावा अशी माझी मनापासून विनंती आहे. मेटल डिटेक्टर घेऊन गावोगाव फिरणाऱ्या एका माणसाने आमच्या शेतातून प्राचीन मेडल काढल्याचा देखावा केला, त्यापोटी माझ्या थोरल्या भावाकडून पंचवीस हजार रुपये घेतले आणि जाताना आमच्या आजीचे खरे जुने मेडल तपासणीच्या नावाखाली नेले. पैसे गेल्याचे दुःख आहेच. पण ते मेडल गेल्याचे दुःख कितीतरी मोठे आहे.

आमच्या भागात अशा वस्तू सापडणे मुळीच अशक्य नाही आणि हा माणूस नेमका याच गोष्टीचा फायदा घेतो. आजच्या फ्रान्समधील सव्हॉय प्रांतातील अ‍ॅनसी येथे १८३८ साली स्थापन झालेल्या संत फ्रान्सिस दि सेल्स यांच्या संघाचे मिशनरी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घोगरगाव परिसरात आले. त्यांनी गावोगावच्या गोरगरीब कुटुंबांना जपमाळा आणि मेडले दिली. त्यामुळे नांगरटीत एखादे मेडल वर आले तर त्यात नवल नाही. मात्र ‘आमच्या शेतात पोर्तुगीज काळातले मेडल निघाले’ असे कोणी म्हणाले, तर तिथे थांबून विचार करायला हवा.

हरभरा निघाल्यावर रान मोकळे होते, तेव्हा हा माणूस आला. दादाकडे त्याने रीतसर परवानगी मागितली आणि बोली केली की जे निघेल त्यात निम्मे शेतमालकाचे, निम्मे मशीनवाल्याचे. बांधाजवळच्या लिंबाखाली मशीन वाजले, त्याने खुरप्याने वीतभर उकरले आणि सर्वांच्या देखत मातीने माखलेले एक गोल मेडल बाहेर काढले. ‘गुरुजी, हे वसईचं आहे. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई घेतली, तेव्हा फौजेतल्या कोणीतरी आणलं असणार,’ असे तो मला म्हणाला. मेडलच्या कडेने कोरलेली सुटी रोमन अक्षरे गुप्तधनाची खूण असल्याचेही त्याने सुचवले. पिशवीतून त्याने लॅमिनेट केलेला एक कागद काढला. त्यावर अशाच मेडलचे छायाचित्र, ‘इ.स. १६५०’ असा काळ आणि पन्नास हजार रुपये किंमत छापलेली होती. मेडल तुमच्याच घरी राहू द्या, माझ्या हिश्श्याचे तेवढे पंचवीस हजार द्या, असे त्याचे म्हणणे होते, आणि वस्तू आपल्याच हातात राहत असल्यामुळे व्यवहार सरळ वाटला.

त्या रात्री मेडल दिव्याखाली धरले, तेव्हा पहिली शंका मातीनेच आणली. आमचे रान काळ्या चिकण मातीचे आहे. ती अक्षरांच्या खाचांत शिरली की सुईने काढावी लागते. मेडलवर होता तो तांबूस मुरूम, आणि तोही बोटाने पुसताच निघून गेला. खाचा आतून स्वच्छ होत्या. काळ्या ओल्या मातीत वर्षानुवर्षे राहिलेल्या पितळेवर हिरवट थर धरतो. इथे मात्र एकसारखा काळपट तेलकट रंग चढवलेला होता आणि तो कडांवरून सुटत होता. भिंगातून पाहिल्यावर आणखी एक गोष्ट ध्यानात आली. संताच्या पायाखालची अक्षरांची ओळ कानशीने घासून काढलेली होती आणि घासल्याच्या रेघा ताज्या, पिवळ्याधमक होत्या.

आमच्या फादरांनी ते पाहताच ओळखले. ते संत बेनेडिक्ट यांचे मेडल होते. संत बेनेडिक्ट यांचा जन्म इ.स. ४८० चा मानतात. त्याला चौदाशे वर्षे पूर्ण झाली म्हणून १८८० साली इटलीतील माँते कासिनोच्या मठाने या मेडलचा नवा नमुना काढला. संताच्या पायाखाली त्या मठाचे नाव आणि १८८० हा आकडा रोमन अंकांत असतो. घासून काढलेली ओळ नेमकी तीच. तरीही मागच्या बाजूला सर्वांत वर ‘पाक्स’, म्हणजे शांती, हा लॅटिन शब्द शाबूत होता. त्याआधीच्या मेडलांवर त्या जागी सामान्यतः येशूच्या नावाची ‘आय एच एस’ ही अक्षरे असत. ‘पाक्स’ १८८० च्या नमुन्यात आला. हाच नमुना आजही पाडला जातो, त्यामुळे १८८० ही सर्वांत जुनी शक्य तारीख झाली, घडणीची नेमकी तारीख नव्हे. आमच्या हातातले मेडल चार-दोन वर्षांपूर्वीचेही असू शकते.

राहिली गुप्तधनाची अक्षरे. ती एका लॅटिन प्रार्थनेतील शब्दांची आद्याक्षरे आहेत आणि तिची सुरुवात ‘सैताना, मागे हो’ अशी होते. त्यांचा अर्थ मधल्या काळात लोक विसरले होते. बव्हेरियातील मेटन मठातल्या एका जुन्या हस्तलिखितामुळे तो १६४७ साली पुन्हा उलगडला. भक्तीची ही अक्षरे लोकांना खड्डे खणायला लावण्यासाठी वापरावीत, याचा मला अतिशय संताप येतो.

आता आजीच्या मेडलविषयी. पैसे मोजून झाल्यावर त्या माणसाने विचारले की घरात अशी आणखी काही वस्तू आहे का. वहिनींनी देव्हाऱ्यातले मेडल आणले. ते पवित्र मरियेचे चमत्कारी मेडल होते, लंबगोल, पितळी. पुढे मरियेच्या हातांतून निघणारे किरण, कडेने फ्रेंच भाषेतील प्रार्थना आणि खाली १८३० हा आकडा. आजी जप करताना ते अंगठ्याने चोळत असे, त्यामुळे मरियेचा चेहरा पार सपाट झाला होता आणि दोरा ओवायचा वरचा कान एका बाजूने झिजून दोऱ्याइतका बारीक उरला होता. त्या माणसाने सांगितले की हे १८३० सालचे आहे, पुण्याला तपासून प्रमाणपत्र आणून देतो. त्यानंतर तो आला नाही आणि त्याचा फोनही बंद आहे.

१८३० हे त्या मेडलच्या घडणीचे वर्ष नव्हे. पॅरिसमध्ये कॅथरीन लाबूरे या नवशिक्या धर्मभगिनीला मरियेचे दर्शन झाले, त्याचे हे वर्ष. पहिली मेडले पाडली गेली १८३२ मध्ये, आणि पुढे कोट्यवधींनी पाडल्या गेलेल्या मेडलांवर तोच आकडा राहिला. आजीचे मेडल फ्रेंच मिशनऱ्यांच्या हातून आले असणार, म्हणजे ते साधारण सव्वाशे वर्षांचे. बाजारात त्याला फारसे मोल नाही. आमच्या घराण्याच्या श्रद्धेचा तेवढाच एक पुरावा होता.

म्हणून कोणी मेडलवरील आकडा दाखवून काळ सांगू लागला, तर आधी विचारावे की तो आकडा कशाचा. लूर्दचे मेडल १८५८ च्या आधीचे असूच शकत नाही, फातिमाचे १९१७ च्या आधीचे नाही. कारण तिथली मरियेची दर्शनेच त्या वर्षांची आहेत. संत फ्रान्सिस झेवियर यांच्या नावामागे ‘संत’ लागले ते १६२२ मध्ये, लिझ्यूच्या संत तेरेजा यांच्या नावामागे १९२५ मध्ये. एका बाजूला येशूचे पवित्र हृदय आणि दुसऱ्या बाजूला मरिया असलेले मेडल बहुधा स्कॅप्युलरच्या (भक्तीची खूण म्हणून गळ्यात घालायच्या कापडी तुकड्यांच्या) जागी घालायचे असते, आणि ती मुभा पोप दहावे पायस यांनी १९१० मध्ये दिली. अ‍ॅल्युमिनियमचे मेडल कोणी पोर्तुगीजांचे म्हणून दाखवले, तर पुढे बोलूच नये. तो धातू स्वस्त झाला तो विजेच्या साहाय्याने काढण्याच्या १८८६ च्या शोधानंतर. सतराव्या-अठराव्या शतकातील मेडलांचा कान बहुतेक वेळा आडवा वळवलेला असतो, म्हणजे समोरून पाहिल्यास त्याचे भोक दिसत नाही. आम्हाला विकलेल्या मेडलचे भोक समोरून दिसत होते आणि त्यात नवी गोल कडी होती. मशीनबद्दलही एक सांगतो: ते फक्त धातू असल्याचे सांगते, वय सांगत नाही.

कायद्याची बाजूही माहीत असावी. १८७८ च्या भारतीय निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली, तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचे असते. शेतात उभ्याउभ्या वाटणी करायची नसते. शंभर वर्षांहून जुन्या पुरावस्तूंचा व्यापार करायला १९७२ च्या कायद्याप्रमाणे परवाना लागतो. त्या माणसाकडे परवाना मागितला असता, तर बोलणे तिथेच संपले असते.

आम्ही पोलिसांत लेखी तक्रार दिली आहे आणि घासलेल्या ओळीची छायाचित्रे, तो लॅमिनेट केलेला कागद आणि पुसून ठेवलेला मुरूम त्यासोबत जोडला आहे. तुमच्याकडे असा माणूस आला, तर मेडल हातात घेण्याआधी त्याचा, त्याच्या मशीनचा आणि खड्ड्यातल्या मातीचा फोटो काढा, घरातली कोणतीही वस्तू त्याच्या हाती देऊ नका आणि लगेच आपल्या फादरांना कळवा. आणि चेहरा झिजलेले, एका बाजूने कान बारीक झालेले फ्रेंच अक्षरांचे पितळी मेडल कोणी विकायला आणले, तर ते आमच्या आजीचे असू शकते.