टॉल्किन की जॉर्डन? भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर

सात रस्त्याजवळ राहणारा माझा भाचा बारावीची परीक्षा संपवून विचारतोय, "मामा, जुने वैरी एकत्र येऊन काळ्या देवाशी लढतात असं मोठं काही वाचायचंय. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' घेऊ की 'व्हील ऑफ टाइम'?"

लांबीचं म्हणशील तर टॉल्किनच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे तीन खंड, १९५४-५५चे. रॉबर्ट जॉर्डनच्या 'व्हील ऑफ टाइम'चे चौदा, १९९० ते २०१३. तो २००७ मध्ये गेला. शेवटचे तीन ब्रँडन सँडरसनने लिहून पुरे केले. मधले काही खंड फार रेंगाळतात.

शत्रू? टॉल्किनचा सॉरॉन देव नव्हे, देवांचा बिघडलेला सेवक. जॉर्डनचा 'डार्क वन' मात्र कालचक्राबाहेर कोंडलेली शक्ती आहे. तुला हवा तो काळा देव हाच.

खरा फरक वैऱ्यांच्या एकीत आहे. टॉल्किनकडे ती दोघांच्या मैत्रीत दिसते. एल्फांशी पिढीजात वैर असलेल्या ड्वार्फ म्हणजे बुटक्यांच्या जमातीतला गिम्ली एल्फांच्या गॅलाड्रिएलकडे तिचा एकच केस मागतो, ती तीन देते. तिथे माझा घसा दाटून येतो. जॉर्डनकडे एकी कडवट आहे: समुद्रापलीकडून चालून आलेल्या शॉनचन लोकांनी नायिकांपैकी एक असलेल्या एग्वेनच्या गळ्यात पट्टा अडकवून तिला जनावरासारखं वागवलं, आणि शेवटच्या लढाईत तिला त्यांच्याच बाजूने उभं राहावं लागतं. माफी नाहीच, फक्त तह.

सुट्टीपुरतं वाचायचं असेल, इंग्रजीचा कंटाळा असेल, तर टॉल्किन. मुग्धा कर्णिकांचा मराठी अनुवाद आहे. वर्षभर एकाच जगात राहायची तयारी असेल आणि तहामागचं राजकारण आवडत असेल, तर जॉर्डन. तुला मी आधी टॉल्किनच देईन.