कॉइल कुठली गेली ते आधी दाखवून देणारं गॅरेज (हातखंबा, रत्नागिरी)

आईला दर पंधरवड्याला पावसहून रत्नागिरीला डॉक्टरांकडे न्यावं लागतं. जुलैत परतताना भाट्याच्या पुलापुढची चढण लागली आणि गाडी गचके द्यायला लागली. पिकअप नाही, इंजिन थरथरतंय, चेक इंजिनचा दिवा लुकलुकतोय. बाहेर धो धो पाऊस.

आधी एका ठिकाणी चारही स्पार्क प्लग बदलून घेतले. चौथ्या दिवशी पुन्हा तेच. तिथे म्हणाले, आता चारही कॉइल, म्हणजे प्लगला ठिणगीसाठी वीज देणारे भाग, बदलू. म्हणून शेजारच्या काकांनी सांगितलेल्या, हातखंबा तिठ्याजवळच्या या गॅरेजात गेले.

मिस्त्रींनी स्कॅनर लावला. कोड आला पी०३०२, म्हणजे दुसरा सिलिंडर मिस मारतोय, त्यात पेट्रोल नीट पेटत नाही. त्यांनी दुसऱ्याची कॉइल तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची दुसऱ्यावर बसवली, कोड पुसला आणि मला शेजारी बसवून निवळीच्या दिशेने एक चक्कर मारली. आता कोड आला पी०३०३. "बघा ताई, दोष कॉइलबरोबर सरकला. प्लगचा नाहीतर इंजेक्टरचा असता तर दुसऱ्यावरच राहिला असता." एवढं कुणी मला आजवर समजावलं नव्हतं.

कॉइल का गेली, तेही त्यांनी शोधलं. टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाचं, पॅकिंग गळून प्लगच्या खोबणीत ऑइल साचलं होतं, त्याने कॉइलखालचं रबर फुगून चिरलं होतं. बॅटरीच्या बारा व्होल्टचे हजारो व्होल्ट करते ती कॉइल. रबराला भेग पडली की ठिणगी प्लगवर न जाता इंजिनच्या धातूकडे पळते. नुसती कॉइल बदलली असती तर नवीही अशीच गेली असती. कॉइलला वायर जोडणाऱ्या कपलरच्या पिनांवर हिरवट थर होता, आपल्याकडच्या खाऱ्या हवेचा. तोही साफ केला.

दिवा लुकलुकत असताना गाडी चालवत राहिले म्हणून मात्र ओरडले. न जळलेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापतो, आणि तो खराब झाला तर खर्च कॉइलच्या कितीतरी पट. बरोबरच होतं त्यांचं.

एक कॉइल २,१००, पॅकिंग ६५०, मजुरी ५०० रुपये. जुनी कॉइल हातात दिली. त्यानंतर गणपतीत संगमेश्वरपर्यंत जाऊन आले, गाडी एकदाही अडखळली नाही.

कॉइल कोल्हापूरहून यायला दुसरा दिवस उजाडला. बसायला बाकडंसुद्धा नाही, आई दोन तास गाडीतच बसून होती. वयस्कर माणूस बरोबर असेल तर आधी घरी सोडून जा. फोन सहसा उचलत नाहीत, म्हणून सकाळी दहाच्या आत थेट गाडी घेऊनच जावं.